आवाज आणि कुंपण

मनुष्याने मालमत्तेची कल्पना प्रथम जमिनीवर रेघ ओढून केली असावी. रेघेच्या अलीकडचे माझे आणि पलीकडचे तुझे, एवढे एकदा ठरले की पुष्कळ तंटे जागच्या जागी मिटतात. जे उरतात त्यांनाही कायद्याने हळूहळू वाट करून दिली आहे. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या अंगणात आली तर काय करावे, पागोळ्यांचे पाणी कोणत्या अंगास सोडावे, खिडकी कोठे काढावी आणि कोठे काढू नये, याविषयी नियम आहेत, दाखले आहेत, शतकांचे वाद आहेत. आवाज मात्र या सर्वांहून निराळा पडतो. तो कुंपण ओलांडतो आणि ओलांडल्याची खूण मागे ठेवीत नाही. फांदी सकाळी चार पंचांना बोलावून दाखवता येते. रात्री दोन वाजता वाजलेला ढोल सकाळी कोणाला दाखवावयाचा?

म्हणून दोन घरांमधल्या आवाजाचा न्याय कसा करावा हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्याचा इतिहास पाहावयाचा झाला तर दिल्लीसारखे शहर नाही. येथे एके काळी मोठा आवाज हे राजेपणाचे लक्षण होते. पुढे तो पोलिसांच्या परवान्याचा विषय झाला आणि आता तो यंत्राने मोजून आकड्यात मांडला जातो. या प्रत्येक अवस्थेत राज्यकर्त्यांपुढे खरा प्रश्न एकच होता: कोणाच्या कानांची कदर करावयाची? त्याचे उत्तर मात्र काळागणिक पालटत आले. नोकरीच्या निमित्ताने या शहरात येऊन भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या आपल्यासारख्यांस हा पालट समजून घेणे उपयोगाचेही आहे.

फार जुन्या काळी जावयाचे तर कौटिल्यापासून आरंभ करावा लागेल. मुंबई विद्यापीठाने १९६० पासून प्रसिद्ध केलेल्या प्रा. कंगले यांच्या आवृत्तीमुळे अर्थशास्त्राचा अभ्यास आपल्याकडे सुलभ झाला. त्यातील तिसऱ्या अधिकरणात घर, शेत, कुंपण यांच्या तंट्यांचा विचार आहे. घर बांधताना गाडी उभी करण्याची जागा, जनावरांचे ठाण, चूल, पाण्याचा रांजण, दळण्याचे जाते आणि कांडण्याचे साधन ही शेजारच्या घरापासून ठरावीक अंतर सोडून असावीत, असा त्याचा दंडक आहे. कारण त्याने दिलेले नाही. जात्याचा धक्का भिंतीला लागू नये एवढेच त्याच्या मनात असेल, किंवा पहाटेची घरघरही असेल. परंतु शेजाऱ्याच्या सुखासाठी आपल्याच जागेत काही साधने भिंतीपासून दूर ठेवावी लागतात, ही गोष्ट त्याने मान्य केली होती. जाते आणि उखळ यांची ही जोडी पुढे दोन हजार वर्षे कायद्याच्या दारात उभी राहिलेली दिसेल.

मोगलांच्या दिल्लीत आवाजाचे शास्त्र वेगळेच होते. लाल किल्ल्यातील नौबतखाना आजही उभा आहे. तेथून ठरलेल्या प्रहरी नगारे, सनया आणि झांजा वाजत. हे वादन करमणुकीसाठी नव्हे, तर सत्ता जागी असल्याची ती वर्दी होती. नौबत वाजवण्याचा मान बादशहाने द्यावा लागे, तो थोड्याच मोठ्या सरदारांस मिळे, आणि बादशहाच्या मुक्कामाजवळ तोही आवरता घ्यावा लागे. म्हणजे आवाजावर नियंत्रण होते, पण ते ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी नसून वाजवणाऱ्याची पायरी ठरवण्यासाठी होते.

फ्रान्स्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य औरंगजेबाच्या कारकीर्दीच्या आरंभी दिल्लीत राहत होता. १ जुलै १६६३ रोजी दिल्लीहून लिहिलेल्या दीर्घ पत्रात त्याने या नौबतीचे वर्णन केले आहे. प्रथम तो आवाज त्यास असह्य वाटला, त्याने कान बधिर होऊन गेले. पुढे सवय झाली, आणि रात्री आपल्या गच्चीवर पडल्या पडल्या दुरून ऐकताना तोच आवाज त्यास गंभीर आणि मधुर वाटू लागला. पण त्याच वर्णनात त्याने सहज एक गोष्ट नोंदली आहे आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची आहे. नौबतखाना उंचावर आणि राजमहालापासून लांब ठेवण्याची रीत होती, ती बादशहास जवळच्या आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून! आवाज त्रासदायक असतो, अंतराने तो कमी होतो, ऐकणाऱ्याची सोय पाहून वाद्याची जागा ठरवावी लागते, हे सर्व ज्ञान तेव्हा होते. फक्त त्या ज्ञानाचा लाभ एकाच शेजाऱ्याला मिळे. बाकीच्या शहराने बर्निएप्रमाणे सवय करून घ्यावी.

मराठी वाचकास यात परके काही वाटू नये. पुण्याच्या शनिवारवाड्याचा उत्तराभिमुख दरवाजा दिल्ली दरवाजा म्हणून ओळखला जातो, आणि वाड्याचा नगारखाना त्याच दरवाजावर आहे. महादजी शिंद्यांनी १७७२ साली शाह आलमास दिल्लीत आणून तख्तावर बसवले आणि १७८४ साली वकील-इ-मुतलक ही पदवी मिळवली, तेव्हा सत्तेची जी चिन्हे मराठ्यांच्या हाती आली त्यांत नौबतही होती. आपल्या बोलीत अमुक करण्याची ‘नौबत आली’ असे आपण अजून म्हणतो. ते वाद्य गेले, पण त्याची धास्ती शब्दात राहिली.

११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचा मोड झाला आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. आज त्याच पटपडगंजात सहकारी गृहसंस्थांच्या इमारती दाटीने उभ्या आहेत. १८५७ नंतर किल्ल्यातील बादशाही संपली आणि आवाजाचा विचार मानमरातबाच्या वहीतून निघून फौजदारीच्या वहीत गेला.

भारतीय दंडविधान १८६० साली झाले आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आले. त्याच्या २६८व्या कलमात सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या होती. जनतेला किंवा आसपास राहणाऱ्या सर्वसाधारण लोकांना त्रास होईल असे कृत्य म्हणजे उपद्रव. वाक्य नीट वाचले की त्यातील मेख ध्यानात येते. सर्वसाधारण लोकांना त्रास व्हावयास हवा. एकाच भिंतीपलीकडील एकाच कुटुंबाची झोप मोडली, तर तो या कलमाचा विषय होणे कठीण. २९०व्या कलमाप्रमाणे शिक्षा २०० रुपयांपर्यंत दंडाची होती. १८६० साली २०० रुपये ही सामान्य माणसाची छाती दडपणारी रक्कम होती. तो आकडा ३० जून २०२४ पर्यंत, म्हणजे ते विधान रद्द होईपर्यंत, जसाच्या तसा राहिला. भारतीय न्याय संहितेच्या २९२व्या कलमात आता तो १,००० रुपये झाला आहे. एकशे साठांहून अधिक वर्षांत पाचपट वाढ! आपल्या महागाई भत्त्याने इतका संयम पाळला असता तर आपले काय झाले असते, ते सांगावयास नको.

१८६१च्या पोलीस कायद्याने ३०व्या कलमात उत्सव आणि समारंभ यांच्या वेळी रस्त्यावर वाद्ये कितपत वाजवावीत याचे नियमन करण्याचा अधिकार पोलिसांस दिला. इंग्रज सरकारास काळजी होती ती रस्त्याची, मिरवणुकीची आणि दंग्याची. ती निराधारही नव्हती. धर्मस्थळापुढे वाद्ये वाजवण्यावरून झालेल्या तंट्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अनेक शहरे पोळली. पण या कायद्याचे कान रस्त्यापाशीच थांबत. घरातून घरात जाणारा आवाज त्यास ऐकू येत नसे.

तो ऐकला दिवाणी कायद्याने. १८८२च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातील ७व्या कलमाला जोडलेल्या उदाहरणांत एक ओळीचे उदाहरण आहे. कोणत्याही घरमालकाच्या शारीरिक स्वास्थ्यात दुसऱ्याने आवाजाने किंवा कंपनाने भरीव आणि गैरवाजवी व्यत्यय आणू नये, हा त्या घरमालकाचा हक्क आहे, असा त्याचा आशय. बादशहाच्या महालाला जे संरक्षण होते ते येथे प्रथमच साध्या घराला शब्दांत मिळाले. हा कायदा सर्व प्रांतांना एकदम लागू झाला नाही. दिल्ली त्या वेळी पंजाब प्रांतात होती आणि पंजाब त्याच्या बाहेर होता. पण जेथे कायदा नव्हता तेथेही न्यायालये न्यायबुद्धीचा आधार घेऊन अशीच तत्त्वे लावीत.

ती तत्त्वे इंग्लंडातील खटल्यांतून आली होती आणि त्यांतील दोन खटले आजही वाचण्याजोगे आहेत. पहिला १८७९चा, स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन. लंडनात एक मिठाईवाला वीस वर्षांहून अधिक काळ आपल्या स्वयंपाकघरात मोठ्या खलबत्त्यांत साखर आणि मसाले कुटीत असे. मागच्या बाजूस एक डॉक्टर राहत होते. त्यांनी आपल्या बागेच्या टोकास, त्याच भिंतीला लागून, रोगी तपासण्याची खोली बांधली आणि मग खलबत्त्याचा ठोका त्यांच्या कामात येऊ लागला. मी आधीपासून येथे आहे, हा मिठाईवाल्याचा बचाव न्यायालयाने मानला नाही. डॉक्टरांची खोली होईपर्यंत त्रासच नव्हता, तेव्हा त्रास देण्याचा हक्क जुना कसा ठरेल, असा तो न्याय. मात्र उपद्रव कशाला म्हणावे हे वस्तीच्या प्रकारावरून ठरते, हेही त्याच निकालात आले.

दुसरा खटला १८९३चा, क्रिस्टी विरुद्ध डेव्ही. दोन घरांमध्ये एकच सामाईक भिंत. एका बाजूस संगीत शिकवणाऱ्या बाईंचे कुटुंब, दुसऱ्या बाजूस एक कोरीव काम करणारा गृहस्थ. गाण्याच्या शिकवण्यांनी वैतागून तो भिंत ठोकू लागला, तबके बडवू लागला, शिट्या मारू लागला. न्यायाधीशांनी शिकवण्यांस उपद्रव मानले नाही, कारण त्या घराचा वाजवी उपयोग होता. त्याच्या आवाजास मात्र मनाई केली, कारण तो केवळ छळण्यासाठी केला होता. दोन्ही बाजूंचे आवाज मोजले असते तर फार फरक निघाला नसता. न्यायाधीशांनी आवाजाबरोबर हेतूही तोलला.

स्वातंत्र्यानंतर हीच मापे आपल्या न्यायालयांच्या हाती राहिली आणि त्यांपुढे एक नवे यंत्र येऊन ठेपले. ध्वनिवर्धकाने आवाज आणि माणसाची छाती यांचा संबंध तोडला. ढोल वाजवणाऱ्याचे हात दुखतात, गाणाऱ्याचा घसा बसतो, यंत्राचे काहीच दुखत नाही. ध्वनिवर्धक वापरणे हा भाषणस्वातंत्र्याचा भाग नव्हे, असे अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने १९५८ सालीच म्हटले होते. मुंबई पोलीस कायद्याने १९५१ साली त्याहून पुढचे पाऊल टाकले. त्याच्या ३८व्या कलमात रस्त्याबरोबर घराचाही विचार आहे. शेजारी राहणाऱ्या कोणाही व्यक्तीस त्रास होत असल्याची खात्री पटल्यास कोणत्याही वास्तूतील गाणे, वाद्य, ध्वनियंत्र किंवा आवाज करणारा धंदा यांस लेखी हुकमाने आळा घालता येईल, असा अधिकार पोलीस आयुक्त आणि अधीक्षक यांना मिळाला. दिल्लीस १९७८ साली पोलीस आयुक्तालय आले, त्याच वर्षीच्या दिल्ली पोलीस कायद्यात जवळजवळ याच शब्दांत तो अधिकार घेतलेला आढळतो. मुंबईहून दिल्लीस बदलून आलेल्या चांगल्या गोष्टींत या कलमाची गणना करावयास हरकत नाही.

त्याच १९७८ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयापुढे राधेश्याम विरुद्ध गुरुप्रसाद हा दावा निकालास आला. तंटा शेजारच्या पिठाच्या गिरणीचा होता. वस्ती आधीच गोंगाटाची आहे, हा बचाव अपुरा ठरला. गोंगाटाच्या वस्तीतही कोणी यंत्र बसवून त्यात भरीव भर घातली आणि लोकांचे स्वास्थ्य बिघडवले, तर तोही उपद्रव होय. कौटिल्याचे जाते, लंडनचा खलबत्ता आणि उत्तर प्रदेशातील गिरणी या तिन्ही ठिकाणी दळणाऱ्या-कुटणाऱ्याचा धंदा वाजवी होता, आणि तिन्ही ठिकाणी भिंतीपलीकडचा मनुष्यही वाजवी होता. शेजाऱ्यांच्या बहुतेक तंट्यांचे दुखणे हेच असते. दोन्ही बाजूंनी चांगली माणसे उभी असतात.

येथपर्यंतच्या व्यवस्थेत एक मोठा दोष होता. सर्व काही कोणाच्या तरी खात्रीवर अवलंबून होते. न्यायाधीशास व्यत्यय भरीव वाटला पाहिजे, अधिकाऱ्यास त्रास खरा वाटला पाहिजे. वजनदार शेजाऱ्याचा मांडव आणि गरीब शेजाऱ्याची झोप यांत खात्री कोणत्या बाजूस झुकेल हे सांगता येत नसे. दिवाणी दावा चालवण्यास पैसा आणि आयुष्य लागते, आणि लग्नाचा बँड तर दुसऱ्या दिवशी निघून गेलेला असतो. इकडे शहर वाढत होते. १९५१ साली दिल्लीची लोकसंख्या सुमारे साडेसतरा लाख होती, २०११च्या गणनेत ती सुमारे १ कोटी ६८ लाख झाली. निर्वासितांच्या वसाहतींतील बैठी घरे मजल्यांवर मजले चढवून उभी राहिली, मंडईतून दुकाने गल्लीत शिरली, आणि वीज जाऊ लागली तशी प्रत्येक जिन्याखाली जनरेटरची धडधड सुरू झाली. अशा शहरात प्रत्येक आवाजासाठी न्यायाधीश कोठून आणावा?

यावर उपाय म्हणून कायदा आकड्याकडे वळला. १९८१च्या हवा प्रदूषण कायद्यात १९८७ साली दुरुस्ती होऊन प्रदूषकाच्या व्याख्येत ध्वनी घातला गेला. कोणताही घन, द्रव किंवा वायुरूप पदार्थ, ध्वनी धरून, अशी ती शब्दरचना आहे. ध्वनीला पदार्थ ठरवण्याचे हे धाडस पदार्थविज्ञानाने केले नसते, पण मसुदा लिहिणाऱ्याचा नाइलाज आपण समजू शकतो. डिसेंबर १९८९ मध्ये ध्वनीच्या मर्यादा जाहीर झाल्या, आणि १४ फेब्रुवारी २००० रोजी ध्वनिप्रदूषण नियम निघाले. त्यांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, तर रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहापासून सहापर्यंत. डेसिबेलचे गणित साध्या बेरजेचे नाही. दहा डेसिबेल वाढले की ध्वनीची ऊर्जा दसपट होते. ४५च्या जागी ६५ म्हणजे थोडे जास्त नव्हे, शंभरपट.

नियम कागदावर आले, पण त्यांस जीव आला तो एका हृदयद्रावक घटनेमुळे. ३ जानेवारी १९९८च्या वृत्तपत्रांत बातमी होती. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला. तिने मदतीसाठी आक्रोश केला, पण शेजारी कर्कश लावलेल्या ध्वनिवर्धकाच्या गोंगाटात तो कोणालाच ऐकू गेला नाही. त्याच संध्याकाळी तिने स्वतःस जाळून घेतले. ही बातमी वाचून एका अभियंत्याने दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज केला. त्याची मागणी साधी होती: ध्वनीविषयी जे कायदे आहेत ते पाळले जावेत.

त्या अर्जाचा निकाल १८ जुलै २००५ रोजी सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी आणि न्यायमूर्ती अशोक भान यांनी दिला. शांततेत जगणे हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, आणि यंत्राने आवाज वाढवून तो नको असलेल्याच्या कानांवर लादण्याचा मूलभूत हक्क कोणासही नाही, असा त्याचा गाभा. बोलण्याचे स्वातंत्र्य आहे, तसे न ऐकण्याचेही आहे. रात्री दहा ते सहा ध्वनिवर्धक, फटाके आणि ढोल-ताशे बंद ठेवण्याचे निर्देश निघाले. सांस्कृतिक आणि धार्मिक प्रसंगी वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा राज्य सरकारांचा अधिकार त्याच न्यायालयाने २८ ऑक्टोबर २००५ रोजी मान्य केला. धर्माचा प्रश्न त्यापूर्वीच, २००० साली, चेन्नईच्या एका वसाहतीच्या रहिवाशांनी शेजारच्या प्रार्थनामंदिराविरुद्ध लढवलेल्या प्रकरणात निकालात निघाला होता. इतरांची शांतता भंगून प्रार्थना करा असे कोणताही धर्म सांगत नाही, असे न्यायालयाने तेव्हा म्हटले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने २००५च्या निकालातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य मात्र हद्दीविषयीचे आहे. खाजगी मालकीच्या ध्वनियंत्राचा आवाज त्या खाजगी जागेच्या हद्दीवर मोजला असता त्या भागाच्या मर्यादेहून पाच डेसिबेलपेक्षा अधिक असू नये. २०१० साली हे वाक्य नियमांत आले. म्हणजे कायदा अखेरीस कुंपणापाशी येऊन उभा राहिला. तुम्ही घरात काय वाजवता याची चौकशी तो करीत नाही. तुमच्या कुंपणावर किती पोहोचते, एवढेच विचारतो. नौबतीच्या काळापासूनचा हा मोठा पालट होय. आता वाजवणाऱ्याची पायरी विचारली जात नाही, ऐकणाऱ्याचीही नाही. मंत्र्याच्या बंगल्याचे कुंपण आणि कारकुनाच्या क्वार्टरचे कुंपण यंत्राला सारखेच.

तथापि आकडा आला म्हणजे न्याय आला असे नव्हे. तेच नियम बारकाईने वाचले तर एक विसंगती दिसते. पाचव्या नियमाप्रमाणे हद्दीवर पाच डेसिबेल ओलांडले की मर्यादा मोडते, पण सातव्या नियमाप्रमाणे सामान्यतः तक्रारीचा हक्क उत्पन्न होतो तो दहा डेसिबेल ओलांडल्यावर. मधल्या पाच डेसिबेलांत शेजारी दोषी आहे आणि तक्रारदारास तोंड नाही. रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाल्यास निराळी तक्रार करता येते, हे खरे. दिवसाचे मात्र तसे नाही. शिवाय ही मर्यादा काळावर पसरलेल्या सरासरीची आहे. आठ तासांची रात्र ४० डेसिबेलच्या शांततेत गेली आणि मध्येच पाच मिनिटे ७० डेसिबेलचा गोंगाट झाला, तर रात्रीची सरासरी सुमारे ५१ निघते. पण झोप मोडावयास सरासरी लागत नाही, पाच मिनिटे पुरतात.

दुसरी अडचण हद्दीचीच. नियमाच्या मनात जे कुंपण आहे ते बंगल्याचे आहे, जमिनीवर आडवे पसरलेले. दिल्लीकराची हद्द आता उभी झाली आहे. वर एक कुटुंब, खाली एक, मध्ये काही इंचांची फरशी. सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर यांसह सात सरकारी वसाहतींच्या पुनर्बांधणीस केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ साली मंजुरी दिली. बैठ्या आणि दुमजली क्वार्टरांच्या जागी उंच इमारती उभ्या राहू लागल्या. अशा घरात वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, रात्रीचे मिक्सर, बाळाचे रडणे, यांचे मोजमाप कोणत्या कुंपणावर करावे? राष्ट्रीय इमारत संहितेत ध्वनिरोधाचे प्रकरण आहे, पण भाडेकरूने कलमांकडे पाहावे की भिंतीकडे? येथे क्रिस्टीच्या खटल्यातील न्यायाधीशांची आठवण होते. बाळाचे रडणे आणि मुद्दाम आपटलेले पाट यंत्रावर सारखेच उमटतात. त्यांतला भेद हेतूचा आहे आणि हेतूला डेसिबेल नाहीत.

तिसरी अडचण अंमलाची. यंत्र आपण होऊन येत नाही, ते कोणी तरी आणावे लागते. नियमांप्रमाणे हे काम जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाचा नसलेला नियुक्त अधिकारी यांचे आहे. रात्री अकरा वाजता असा अधिकारी मापकासह दाराशी येईल, इतका आशावाद बाळगणारा नागरिक विरळा. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथे नियम एकच, पण सीमा ओलांडली की राज्य निराळे, ठाणे निराळे, उत्तर निराळे. तरीही काही ठिकाणी आकड्याने ठोस काम केले आहे. १,००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरांस २००२च्या अधिसूचनेने एक मीटर अंतरावर ७५ डेसिबेलची मर्यादा घातली आणि ध्वनिरोधक आवरण सक्तीचे केले. जुन्या यंत्रांची धडधड ज्यांनी ऐकली आहे त्यांस हा फरक सांगावा लागत नाही. २०२१ साली दिल्लीच्या प्रदूषण नियंत्रण समितीने दंडाचे नवे दर लावले. विनापरवाना ध्वनिवर्धकास १०,००० रुपये आणि यंत्राची जप्ती, बांधकामाच्या गोंगाटी यंत्रांस ५०,०००, मोठ्या जनरेटरास १ लाखापर्यंत. पर्यावरण संरक्षण कायद्यातील तुरुंगवासाची तरतूद जनविश्वास कायद्याने काढून १ एप्रिल २०२४ पासून तेथे १०,००० ते १५ लाख रुपयांचा आर्थिक दंड आला. तुरुंगाची धमकी क्वचितच खरी होत असे. दंड तरी वसूल व्हावा, एवढी अपेक्षा.

या इतिहासात मराठी माणूस दोन्ही बाजूंस उभा आहे, हे प्रामाणिकपणे नोंदले पाहिजे. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी १९८५ साली ध्वनिवर्धकांविरुद्ध उच्च न्यायालयात अर्ज केला, तेव्हा ध्वनी हे प्रदूषण आहे असे म्हणणाऱ्यांस लोक हसत. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर न्यायमूर्ती अभय ओक आणि अमजद सय्यद यांनी १६ ऑगस्ट २०१६ रोजी दिलेला विस्तृत निकाल या विषयातला मोलाचा दस्तऐवज आहे. दोघेही अर्जदार डॉक्टर, हा योगायोग नसावा. आवाजाने शरीराचे काय होते ते त्यांनी रोग्यांत पाहिले होते. कुर्ल्याच्या नेहरूनगरातील रहिवाशांच्या अर्जावर २३ जानेवारी २०२५ रोजी त्याच न्यायालयाने ध्वनिवर्धक हा धर्माचा आवश्यक भाग नव्हे असे पुन्हा सांगितले. आणि दुसऱ्या बाजूस आपला गणेशोत्सव आहे, आपले ढोल-ताशे आहेत. परप्रांतात आपला आवाज ऐकू यावा ही इच्छा स्वाभाविक आहे. दूर आलेल्या माणसाला आरतीच्या गजरात आपले गाव परत मिळते. पण ज्याला आपण नियमाचा जाच म्हणतो तो शेजारच्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाचा आधार असतो, आणि जागरणाच्या रात्री आपण ज्याचा आधार शोधतो तोच त्यांना जाच वाटतो. उत्सव कोणाचा यावरून आपले मत पालटत असेल, तर आपण अद्याप नौबतीच्याच काळात आहोत असे म्हणावे लागेल.

तेव्हा या इतिहासाचे तात्पर्य काय? शांतता ही सुखवस्तू माणसाची चैन आहे, असा एक समज आपल्याकडे पक्का आहे. आवाजाची तक्रार करणारा मनुष्य खडूस, एकलकोंडा, शेजारधर्म न जाणणारा ठरतो. त्या तेरा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणाने हा समज मुळापासून उखडावयास हवा होता. तिला चैन नको होती. तिची हाक पलीकडच्या घरात पोहोचावी, एवढीच शांतता तिच्या वस्तीत असावयास हवी होती. शेजारधर्म म्हणजे शेजाऱ्याच्या मदतीला धावणे, असे आपण मानतो. पण धावण्यापूर्वी ऐकू यावे लागते. कायद्याने कुंपणावर यंत्र ठेवून आवाजाची मर्यादा आखली, ती दोन घरे एकमेकांपासून तोडण्यासाठी नव्हे. गोंगाट कुंपणाच्या आत राहिला तरच हाक कुंपणाबाहेर जाऊ शकते. राजाच्या कानांसाठी जी सोय एके काळी झाली, ती आता प्रत्येक घराच्या कानांसाठी कागदावर झाली आहे. ती प्रत्यक्षात आणण्यासाठी अधिकाऱ्याची वाट पाहणे आलेच. पण रात्री दहाच्या ठोक्याला आपल्या घरचा आवाज खाली आणण्यासाठी कोणत्याही अधिकाऱ्याची लेखी मंजुरी लागत नाही.